अकाली जन्मलेल्या करडा-वासरांचा श्वास आणि सर्फॅक्टंट उपचार

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले करडू किंवा वासरू बहुधा पहिला श्वास घेते, क्षीण का होईना ओरडतेही, आणि मग तासा-दोन तासांत त्याचा श्वास जलद व उथळ होत जाऊन जीभ निळसर पडू लागते. अशा पिल्लाच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट नावाचे औषध सोडता येते आणि माणसाच्या अकाली जन्मलेल्या बाळांसाठी ते जगभर रोजच्या वापरात आहे, हे आता गावोगावच्या पशुपालकांनाही ऐकून माहीत झाले आहे. हा उपचार पशुवैद्यकानेच करावयाचा असतो. मात्र त्याच्या आधीची आणि नंतरची बहुतेक कामे गोठ्यातल्या माणसांच्या हातून होतात, म्हणून हे मार्गदर्शन पशुपालक, पशुधन पर्यवेक्षक आणि खेड्यात नव्याने रुजू झालेले पशुवैद्यक या तिघांना समोर ठेवून लिहिले आहे. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. विदर्भातील अंतरे पाहता हा उपचार पिल्लू धापा टाकू लागल्यावर धावाधाव करून आणण्याचा नाही. प्रसूती लवकर होणार हे आधी कळलेले असेल आणि तयारी झालेली असेल, तरच त्याचा उपयोग होतो.

फुप्फुसात नेमकी उणीव कशाची असते

फुप्फुसातील वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे हे सूक्ष्म कोश प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी मिटण्याकडे झुकतात, आणि कोश जितका लहान तितका तो उघडायला लागणारा दाब अधिक. ओल्या पन्नीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटल्यावर ती फुंकून उघडताना जो जोर लागतो, तसाच जोर पिल्लाला प्रत्येक श्वासाला लावावा लागतो. सर्फॅक्टंट हा पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करतो. त्यात सुमारे नव्वद टक्के स्निग्ध द्रव्ये आणि दहा टक्के प्रथिने असतात. स्निग्ध द्रव्यांपैकी मुख्य घटक डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन हा होय, आणि ते वायुकोशांच्या भिंतीतील दुसऱ्या प्रकारच्या पेशींत तयार होते. गर्भ पोटात असताना हे उत्पादन अगदी शेवटच्या टप्प्यात वाढते. प्रसूतीपूर्वीच्या काही दिवसांत गर्भाच्या स्वतःच्या रक्तातील कॉर्टिसोल हे संप्रेरक चढते, ते प्रसूतीही सुरू करते आणि फुप्फुसही तयार करते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या पिल्लाच्या बाबतीत यातला दुसरा भाग अपुरा राहिलेला असतो.

या विषयाचा इतिहास प्राण्यांशीच जोडलेला आहे. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की श्वास न जमल्याने दगावलेल्या अकाली अर्भकांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंटची उणीव होती. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूती कशी सुरू होते याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. गर्भाला डेक्सामेथासोन हे कॉर्टिसोलसारखे काम करणारे औषध दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरे अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेतात, हे त्यांनी १९६९ मध्ये नोंदवले. १९७२ मध्ये एनहॉर्निंग आणि रॉबर्टसन यांनी अकाली काढलेल्या सशाच्या पिल्लांत सर्फॅक्टंट घालून फुप्फुसे उघडतात हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेले सर्फॅक्टंट दहा अर्भकांना दिल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे मेंढी, ससा आणि गाय यांच्यामुळे माणसाच्या बाळांना जे मिळाले, ते आता फिरून आपल्या गोठ्यात येऊ पाहत आहे.

आधी तारीख

पिल्लू अकाली आहे की दिवस भरलेले पण अशक्त आहे, हे ठरल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, गायीचा २८० दिवसांच्या आसपास आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. कृत्रिम रेतन झालेल्या गायी-म्हशींची नोंद कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकावरून मिळते. अडचण होते ती शेळ्यांची, कारण बोकड कळपातच असतो आणि तारीख कोणी लिहून ठेवत नाही. “कधी भरली होती जी बकरी?” असे विचारले की उत्तर येते, “पोळ्याच्या आसपास लागली असन.” हे उत्तर टाकाऊ नाही. त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरच्या सुमारास असेल, तर १५० दिवस ३० जानेवारीला भरतात. तीच शेळी संक्रांतीला व्याली तर करडू साधारण १३४ दिवसांचे आहे आणि त्याचे फुप्फुस तयार नाही असे धरून चालावे. तान्हा पोळा, दिवाळी, कापसाची पहिली वेचणी अशा खुणांवरून आठ-दहा दिवसांच्या फरकाने तारीख काढता येते, आणि तेवढी अचूकता निर्णयाला पुरते.

तारीख अजिबातच सापडत नसेल तर पिल्लाच्या अंगावरून अंदाज बांधावा. अकाली वासराचे केस आखूड व रेशमासारखे मऊ असतात, कपाळ पुढे आलेले, कान लोंबते, खूर मऊ, आणि पूर्ण दिवसांच्या वासराला जन्मतःच दिसणारे पुढचे दात हिरडीबाहेर आलेले नसतात किंवा अर्धवट आलेले असतात. बोट तोंडात घातले तरी ते नीट चोखत नाही. साधारण १४० दिवसांच्या आतले करडू आणि २६० दिवसांच्या आतले वासरू श्वासाच्या दृष्टीने धोक्यात समजावे. १३० दिवसांच्या बरेच आतले करडू किंवा आठ महिनेही न भरलेले वासरू खेड्यातील साधनांनी वाचण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि हे मालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

लवकर विणार हे आधी कळले तर

खरी संधी इथे आहे. गाभण शेळीने शेवटच्या महिन्यात चारा टाकला, ती दात खाऊ लागली, एका जागी बसून राहिली आणि पोटात दोन-तीन पिल्ले असतील, तर गर्भविषार या चयापचयाच्या विकारात मातेचा जीव वाचवण्यासाठी पशुवैद्यक प्रसूती लवकर घडवून आणण्याचा निर्णय घेतो. कधी गायीला अपघात होतो, कधी शस्त्रक्रियेने वासरू काढावे लागते. अशा वेळी मातेला डेक्सामेथासोन देऊन किमान २४ तास, जमल्यास त्याहून अधिक वेळ मिळवला, तर गर्भाच्या फुप्फुसाला सर्फॅक्टंट बनवण्याची चालना मिळते आणि नंतर बाहेरून द्यावयाच्या औषधाची गरजच कित्येकदा उरत नाही.

या औषधाला दोन धारा आहेत. गाभणकाळाच्या अखेरीस डेक्सामेथासोन स्वतःच प्रसूती सुरू करते. गायीत इंजेक्शननंतर साधारण एक ते तीन दिवसांत वासरू येते. म्हणून “फुप्फुसासाठी देऊन पाहू” असे म्हणून ते देता येत नाही. प्रसूती होणारच आहे हे निश्चित असेल तेव्हाच ते योग्य ठरते. उलट शेळीत नुसते प्रोस्टाग्लँडिन दिले तर शेळी दीड-दोन दिवसांत विते खरी, पण पिल्लाच्या फुप्फुसाला तयारीची तशी चालना मिळत नाही. शेळीचे गाभणपण शेवटपर्यंत अंडाशयातील पीतपिंडावर टिकून असते, आणि ते इंजेक्शन तोच आधार काढून घेते. तारीख माहीत नसताना औषध दुकानातून आणून टोचलेले हे इंजेक्शन म्हणजे करडे अकाली जन्मण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

जन्मानंतरची पहिली काही मिनिटे

पिल्लू बाहेर येताच नाकातोंडातील चिकट पदार्थ स्वच्छ कापडाने पुसावा आणि पिल्लाला छातीवर बसवावे, म्हणजे पुढचे पाय पुढे, मागचे पाय पोटाच्या दोन्ही बाजूंना आणि मान सरळ. या बैठकीत दोन्ही फुप्फुसांना सारखी जागा मिळते. कुशीवर टाकलेल्या पिल्लाचे खालचे फुप्फुस दबलेलेच राहते. श्वास सुरू होत नसेल तर वाळलेल्या तणसाच्या काडीने नाकपुडीत गुदगुल्या कराव्यात, डोक्यावर व कानात थोडे गार पाणी टाकावे आणि कोरड्या गोणपाटाने बरगड्या जोराने चोळाव्यात.

मागचे पाय धरून पिल्लू उलटे टांगण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातून नाकावाटे जे पाणी गळताना दिसते त्यातले बरेचसे पोटातले असते, आणि टांगलेल्या अवस्थेत पोटातील अवयवांचा भार छाती व पोट यांच्यामधल्या श्वासपटलावर येऊन श्वास आणखी अडतो. दिवस भरलेले, दणकट वासरू काही सेकंद ते सोसते. अकाली पिल्लाला ते अजिबात करू नये.

पिल्लाच्या नाकाला तोंड लावून फुंकू नये. हा नियम कठोरपणे पाळावा, कारण अकाली प्रसूतीच्या कारणांत ब्रुसेल्लोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात हा अग्रभागी असतो आणि तो माणसालाही होतो. हातमोजे घालावेत, नसतील तर न फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर मनगटापर्यंत बांधाव्यात. कृत्रिम श्वास देण्यासाठी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून हवा देण्याची पिशवी, वापरावी. करडाच्या तोंडावर बसेल असा मास्क नसेल, तर पाण्याच्या लहान बाटलीचा वरचा भाग कापून, कडांना चिकटपट्टी लावून तो बॅगेला जोडता येतो. बॅग दाबताना छाती जेमतेम उचललेली दिसेल एवढाच दाब द्यावा, करडासाठी मिनिटाला साधारण ३० ते ४० वेळा आणि वासरासाठी २० ते ३० वेळा. जोराने दाबल्यास कच्चे फुप्फुस फाटते आणि हवा छातीच्या पोकळीत शिरते. मग कोणतेच औषध उपयोगी पडत नाही.

श्वास सुरू झाल्यावर पिल्लाजवळ बसून घड्याळ लावून श्वास मोजावेत. पहिला तास उलटल्यावरही, पिल्लू शांत असताना, ते मिनिटाला साठ-सत्तरच्या वर असतील, नाकपुड्या फुलत असतील, श्वास आत जाताना पोट बाहेर येऊन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल आणि प्रत्येक उच्छ्वासाला बारीक कण्हण्याचा आवाज येत असेल, तर ही सर्फॅक्टंटच्या उणिवेची लक्षणे असू शकतात. ते कण्हणे विशेष लक्षात ठेवावे. पिल्लू घशाचे दार अर्धवट मिटून आतली हवा धरून ठेवण्याचा प्रयत्न करीत असते, जेणेकरून वायुकोश पूर्ण मिटू नयेत. थकल्यावर हा आवाज थांबतो आणि घरच्यांना वाटते की पिल्लू निवांत झाले; प्रत्यक्षात ती बिघडण्याची खूण असते.

ऑक्सिजन आणि ऊब

टोल फ्री क्रमांक १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवावे आणि वाट पाहत असताना ऑक्सिजनची सोय करावी. करोनाच्या साथीनंतर बऱ्याच गावांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले आणि त्यांतले काही आज आरोग्य उपकेंद्राच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहेत. वापरण्याची परवानगी आधीच विचारून ठेवलेली बरी. भारनियमनाच्या काळात कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून शक्यतो सिलिंडर जवळ असावा. सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजनचा लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या वेगाने साडेबारा तास आणि पाच लिटर या वेगाने पाच तास चालतो. करडाला मिनिटाला एक ते दोन लिटर आणि वासराला चार ते सहा लिटर पुरतात. मऊ नळी नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मोजून तेवढीच आत सरकवावी, चिकटपट्टीने गालाला धरावी आणि ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत जाऊ द्यावा, अन्यथा नाक कोरडे पडते. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर आणू नये.

ऊब आणि ऑक्सिजन या दोन्हींची गरज एकाच वेळी असते आणि इथेच अपघात घडतात. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-भंडाऱ्याकडे पहाटेचा गारठा कडक असतो, तेव्हा कोठ्यात शेगडी पेटवण्याचा मोह होतो. ऑक्सिजन चालू असलेल्या जागी शेगडी, कंदील, विडी यांपैकी काहीही नको. शिवाय बंद कोठ्यातला कोळशाचा धूर आजारी फुप्फुसाला घातक असतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात, खाली तणीस व गोणपाट अंथरावे, आणि अंग पूर्ण कोरडे करावे. करडाचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस आणि वासराचे ३८.५ ते ३९.५ अंश राहिले पाहिजे. थंड पडलेले पिल्लू अधिक ऑक्सिजन खर्च करते आणि त्याचे फुप्फुस सर्फॅक्टंटही कमी बनवते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे टिनाच्या गोठ्यात नेमकी उलट अडचण येते. तिथे पिल्लाला कडुनिंबाच्या सावलीत हलवावे, परंतु ओल्या गोणपाटात गुंडाळू नये.

सर्फॅक्टंट कोणत्या पिल्लाला द्यावे

बाजारातील औषधे माणसाच्या अर्भकांसाठी बनवलेली आहेत, त्यामुळे जनावरांतील वापर पशुवैद्यकाच्या जबाबदारीवर आणि मालकाच्या संमतीने होतो. बेरॅक्टंट हे गायीच्या फुप्फुसापासून आणि पोरॅक्टंट अल्फा हे डुकराच्या फुप्फुसापासून तयार होते. ही गोष्ट मालकाला आधी सांगावी. काहींचा याला आक्षेप असू शकतो आणि तो त्यांचा अधिकार आहे.

आता हिशेब. बेरॅक्टंटची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे ४ मिलिलिटर, आणि पोरॅक्टंटची पहिली मात्रा किलोला २०० मिलिग्रॅम म्हणजे २.५ मिलिलिटर असते. बेरारी जातीचे १.६ किलोचे अकाली करडू घेतले तर बेरॅक्टंट ६.४ मिलिलिटर लागते, म्हणजे ८ मिलिलिटरची एक कुपी पुरते. पोरॅक्टंट ४ मिलिलिटर लागते, म्हणजे ३ मिलिलिटरची एक आणि दीड मिलिलिटरची एक. गौळाऊचे १८ किलोचे अकाली वासरू घेतले तर तेच बेरॅक्टंट ७२ मिलिलिटर, म्हणजे नऊ कुप्या, आणि पोरॅक्टंट ४५ मिलिलिटर, म्हणजे ३ मिलिलिटरच्या पंधरा कुप्या लागतात. एकेक कुपी हजारो रुपयांची असते. अकाली वासरांवर सर्फॅक्टंटचे प्रयोग तुर्कस्तानातील विद्यापीठीय पशुरुग्णालयांत झालेले आहेत, तेव्हा वासराला ते देता येत नाही असे नाही. पण आपल्या भागातील सामान्य शेतकऱ्याच्या वासराला पूर्ण मात्रेने ते देणे परवडणारे नाही, आणि अर्धवट मात्रा देऊन खर्च व आशा दोन्ही वाया घालवू नयेत असे माझे मत आहे. वासरासाठी तोच पैसा ऑक्सिजन, चीक आणि तीन दिवसांच्या देखरेखीवर खर्च करावा. करडाचा प्रश्न वेगळा आहे: औषध मात्रेपुरते परवडू शकते, परंतु करडाची किंमत त्याहून कमी असू शकते, म्हणून जातिवंत पैदाशीचे किंवा मालकाला विशेष मोलाचे करडू असेल तेव्हाच हा निर्णय घेतला जातो.

श्वास जलद असलेल्या प्रत्येक पिल्लात सर्फॅक्टंटचीच उणीव असते असे नाही. अवघड प्रसूतीत ओढून काढलेल्या, दिवस भरलेल्या वासराची बरगडी मोडलेली असू शकते, त्याने विष्ठामिश्रित गर्भजल ओढलेले असू शकते किंवा रक्तातील आम्लता वाढल्यामुळे ते धापा टाकत असते. गर्भातच संसर्ग झालेल्या पिल्लाचा न्यूमोनिया वेगळा. यांना वेगळे उपचार लागतात. डोक्साप्रामचे इंजेक्शन मेंदूला श्वासाची चालना देते, मिटलेले वायुकोश उघडत नाही. जन्मानंतर पिल्लालाच डेक्सामेथासोन टोचल्याने तासाभरात सर्फॅक्टंट तयार होत नाही. कत्तलखान्यातील फुप्फुस धुऊन गावातच सर्फॅक्टंट काढण्याची कल्पना अधूनमधून कोणीतरी मांडतो. निर्जंतुकीकरणाची सोय नसताना त्यातून फक्त जंतू फुप्फुसात जातील.

देण्याची पद्धत

औषध दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते आणि ते गोठता कामा नये. तालुक्याच्या साध्या औषध दुकानात ते सहसा नसते. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाजवळच्या दुकानांत, म्हणजे नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत चौकशी करावी. सिरोंच्यापासून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. औषधाचा सर्वाधिक उपयोग जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत, शक्यतो पहिल्या दोन तासांत होतो, म्हणून ठरलेल्या प्रसूतीच्या आदल्या दिवशीच कुपी गोठ्याजवळच्या फ्रिजमध्ये आलेली असावी. थंड डब्यातून आणताना ती बर्फाला थेट टेकू देऊ नये.

कुपी तळहातात धरून सावकाश कोमट होऊ द्यावी. बेरॅक्टंटला हातात सुमारे आठ मिनिटे किंवा खोलीच्या तापमानाला वीस मिनिटे लागतात. गरम पाण्यात बुडवू नये. कुपी हळुवार फिरवावी, हलवू नये, कारण फेस झाला की मात्रा मोजता येत नाही. आतले द्रव्य पांढरट ते फिकट तपकिरी आणि धुरकट दिसते, ते खराब झालेले नसते. मोठ्या सुईने ते सिरिंजमध्ये ओढावे.

या दरम्यान पिल्लाचे वजन काट्यावर करावे, अंदाजाने नको. पिल्लाला छातीवर ठेवून, सहायकाने मान सरळ वर ताणून धरावी आणि जीभ फडक्याने पुढे ओढावी. सरळ पात्याच्या लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात पाहण्याच्या उपकरणाच्या, उजेडात स्वरयंत्राचे दार दिसते. करडाचा घसा अरुंद असल्याने घाई केल्यास नळी अन्ननलिकेत जाते. करडाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर आतील व्यासाची एंडोट्रॅकिअल नळी, म्हणजे श्वासनलिकेत घालावयाची नळी, बसते. नळी योग्य जागी आहे याची खात्री छातीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून करावी. ती फार खोल गेली असेल तर आवाज एकाच बाजूला येतो, आणि मग सगळे औषध एकाच फुप्फुसात उतरते. नळीत स्राव असेल तर तो आत्ताच ओढून काढावा, कारण औषध सोडल्यावर किमान तासभर नळी ओढून साफ करावयाची नसते.

बारीक कॅथेटर एंडोट्रॅकिअल नळीच्या लांबीएवढे कापून घ्यावे, म्हणजे त्याचे टोक नळीबाहेर जाऊन श्वासनलिकेला टोचत नाही. मात्रेचे भाग करून औषध सोडावे. बेरॅक्टंटचे चार समान भाग करून प्रत्येक भागाला पिल्लाची स्थिती बदलतात, डावी कूस, उजवी कूस, डोके किंचित वर, डोके किंचित खाली. पोरॅक्टंट दोन भागांत, एकेका कुशीवर देता येते. प्रत्येक भागानंतर कॅथेटर काढून ऑक्सिजन जोडलेल्या अंबू बॅगेने अर्धा ते एक मिनिट हलके श्वास द्यावेत आणि पुढचा भाग पिल्लू सावरल्यावरच सोडावा. पल्स ऑक्सिमीटरची क्लिप जिभेला किंवा ओठाला लावलेली असावी. औषध जाताना हृदयाचे ठोके मंदावणे आणि ऑक्सिजन खाली येणे अपेक्षित आहे. तसे झाले की थांबून श्वास द्यावेत.

यानंतरची दहा-पंधरा मिनिटे पशुवैद्यकाने पिल्लापासून हलू नये. औषध लागू पडले तर फुप्फुस झपाट्याने मऊ होते, आणि आधी ज्या दाबाने छाती जेमतेम उचलत होती त्याच दाबाने ती आता जास्त फुगू लागते. त्या वेळी बॅगेवरचा दाब तातडीने कमी केला नाही तर फुप्फुस फुटते. ऑक्सिमीटरवर ९० ते ९५ टक्के दिसू लागले की ऑक्सिजनही टप्प्याटप्प्याने उतरवावा. सुधारणा टिकली नाही तर पुन्हा मात्रा देता येते: बेरॅक्टंट किमान सहा तासांनी आणि पोरॅक्टंट, पहिल्याच्या निम्म्या मात्रेने, साधारण बारा तासांनी. पहिल्या मात्रेने काहीच फरक पडला नाही, तर दुसरी कुपी मागवण्याआधी निदान पुन्हा तपासावे.

पुढचे तीन दिवस

सर्फॅक्टंटने पिल्लाला वेळ मिळतो. त्या वेळात पिल्लाच्या पेशी स्वतःचे सर्फॅक्टंट बनवू लागतात. तोपर्यंत दर दोन तासांनी कूस बदलावी, शक्य तेवढे छातीवर बसवून ठेवावे आणि श्वासांचा आकडा वहीत लिहावा. नाळ सात टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे, परंतु धापा टाकणाऱ्या आणि चोखता न येणाऱ्या पिल्लाच्या तोंडात बाटली कोंबू नये, चीक फुप्फुसात जातो. आईचा चीक पिळून तो पोटात घातलेल्या नळीने, करडाला एका वेळी किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर, असा दिवसभरात किलोमागे २०० मिलिलिटरपर्यंत द्यावा. नळी प्रशिक्षित माणसानेच घालावी. ३७ अंशांखाली गेलेल्या पिल्लाला आधी उबदार करावे आणि मग पाजावे. जन्मून पाच तास उलटून गेलेले पिल्लू इतके थंड असेल तर उबदार करण्याआधी पशुवैद्यकाकडून ग्लुकोज द्यावे लागते, नाहीतर ते उबेतच झटके येऊन दगावते. प्रतिजैविक कोणते आणि किती, हे पशुवैद्यक ठरवील.

सर्व करूनही जीभ निळीच राहिली आणि पिल्लू प्रत्येक श्वासाला तोंड वासू लागले, तर ते ओढत न नेता वेदनारहित मृत्यू देण्याविषयी मालकाशी बोलावे.

पिल्लू वाचो वा न वाचो, आईकडे त्याच दिवशी पाहावे लागते. जार चोवीस तासांत पडली नाही तर ती हाताने ओढू नये. अकाली प्रसूती झालेल्या शेळी-गायीच्या रक्ताची ब्रुसेल्लोसिससाठी तपासणी करून घ्यावी, निकाल येईपर्यंत तिला कळपापासून वेगळे बांधावे आणि तिचे दूध उकळूनच वापरावे. मादी वासरांना चार ते आठ महिने वयात दिली जाणारी ब्रुसेल्लाची लस कळपातील इतर कालवडींना मिळाली आहे का हेही विचारावे. मेलेले पिल्लू आणि जार कुत्र्यांच्या तोंडी लागू न देता चुना टाकून खोल पुरावी, मात्र पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवावे. जारेचा तुकडा आणि मेलेल्या पिल्लाचे नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाकडे गेले तरच कारण हाती लागण्याची शक्यता असते.